तार पंचायतीपर्यंत आली, पुढचे अडीच किलोमीटर

मागच्या अंकात ‘गावातल्या घरातलं इंटरनेट’ या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली. बहुतेक कोकणातली, काही घाटावरची, एक पालघरकडून. मी तेहतीस वर्षं दूरसंचारच्या नोकरीत केबल जोडल्या. आधी तांब्याच्या, नंतर काचेच्या, म्हणजे फायबरच्या. आता निवृत्त होऊन संगमेश्वर तालुक्यात घरी असतो. माझी उत्तरं त्यामुळे खांब, खड्डा आणि जॉइंट यांच्या बाजूने येतील. कुठला प्लॅन स्वस्त हे मी सांगत नाही, ते महिन्या-दोन महिन्यांनी बदलतं.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात २०१७ मध्ये इंटरनेटची पेटी बसली. आमची वाडी तिथून अडीच किलोमीटरवर आहे. इतकी वर्षं झाली, वाडीत एकाही घरात जोडणी नाही. तार गावात आली असेल तर ती घरात का येत नाही?
— निवृत्त शिक्षक, लांजा तालुका

गुरुजी, सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती योजना मुळात घरासाठी आखलेलीच नव्हती. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला मंजुरी दिली. अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं, एवढाच तिचा पल्ला. २०१५ मध्ये तिला भारतनेट हे नाव मिळालं आणि पहिल्या टप्प्यात एक लाख पंचायती जोडल्याचं डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालं. पंचायतीपासून पुढे लोकांपर्यंत नेणारा कोणीतरी येईल, असं तेव्हा गृहीत धरलं गेलं. तुमच्या गावात तो आला नाही, इतकंच.

दुसरी गोष्ट तांत्रिक आहे, पण समजून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. पहिल्या टप्प्यात प्रकाश पाठवणारं मुख्य यंत्र, त्याला ओएलटी म्हणतात, ते तालुक्याच्या एक्स्चेंजमध्ये ठेवलं. पंचायतीत बसली ती ओएनटी, म्हणजे त्या रेषेचं शेवटचं टोक. नळाच्या तोटीला जशी पुढे पाइपलाइन जोडत नाहीत, तसंच हे. तिच्यातून कार्यालयातले दोन संगणक चालतील, पण वाडीतली चाळीस घरं तिच्यातून निघणार नाहीत. घरांसाठी ओएलटी जवळ आणावी लागते आणि तिच्यापासून वेगळी केबल ओढावी लागते.

आता अडीच किलोमीटरचं बघू. अंतर ही अडचण नाही. या पद्धतीत प्रकाश वीस किलोमीटरपर्यंत नीट जातो. ओएलटीतून निघताना त्याची ताकद साधारण अधिक तीन डीबीएम धरा. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, आणि वाटेत होणारी घट डीबीत मोजतात. एका कोअरमधून, म्हणजे केबलीतल्या काचेच्या एका तंतूतून, आठ आणि त्यातल्या प्रत्येकातून पुन्हा आठ असे फाटे काढले की वीस-एकवीस डीबी तिथेच जातात. अडीच किलोमीटर काचेत एक डीबीसुद्धा जात नाही. जॉइंट आणि कनेक्टर मिळून अडीच-तीन. म्हणजे तुमच्या घरात उणे एकवीस-बावीसच्या आसपास पोचायला हवं, आणि घरची पेटी उणे सत्तावीसपर्यंत चालते. वाडी लांब आहे म्हणून जमत नाही असं कोणी सांगितलं, तर हे गणित त्याच्यापुढे मांडा.

खरी अडचण खर्चाची आहे आणि ती आपल्या वस्तीच्या रचनेतून येते. घाटावर गाव एका जागी एकवटलेलं असतं. एका खांबावरून दहा घरं निघतात. आपल्याकडे एका पंचायतीत सात-आठ वाड्या, मध्ये पऱ्या, मध्ये काजूची बाग, घराघरामध्ये दगडी गडगे. तेवढ्याच घरांना चौपट केबल लागते. कोणताही धंदेवाला आधी ते गाव करतो आणि मग आपल्याकडे बघतो. मला हे मान्य नाही. कारण या योजनेचा पैसा कंपन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के आकार घेऊन जमवलेल्या सरकारी निधीतला आहे. जिथे धंदा परवडत नाही तिथे सेवा जावी, याचसाठी तो निधी आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर त्याचं नाव डिजिटल भारत निधी झालं. नाव बदललं तरी हेतू तोच आहे. लांबची वाडी त्याच्या कामात पहिली यायला हवी, ती शेवटी येते.

ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेट मंजूर झाला. तरतूद १,३९,५७९ कोटींची, आणि यात पहिल्यांदा ग्रामीण घरांच्या दीड कोटी फायबर जोडण्यांचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. पंचायतीशिवायच्या गावांनाही मागणी असेल तर जोडणी द्यायची, असंही त्यात आहे. ‘मागणी’ हा शब्द महत्त्वाचा. वाडीतल्या घरांची यादी करा, कोण नक्की घेणार त्याच्या सह्या घ्या, ग्रामसभेत ठराव करून तो बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयात द्या आणि पोच घ्या. गुरुजी, हे काम तुम्हीच करू शकाल. वाडीतली निम्मी माणसं तुमचे विद्यार्थी असतील.

पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते. आजारी आईसाठी गावी राहायला यायचं आहे. मोबाइल टॉवरवरचं एअरफायबर घ्यावं, की केबलची वाट बघावी? मला दिवसभर व्हिडिओ मीटिंग असतात.
— एक वाचक, आजरा तालुका

ताई, एअरफायबर नावात फायबर असलं तरी तुमच्या घरी येतात त्या टॉवरच्या लहरीच. २०२३ पासून दोन मोठ्या कंपन्या ते देतात. टॉवर घरातून दिसत असेल, तर ते आठ दिवसांत सुरू होतं आणि चांगलं चालतं. मध्ये डोंगराची सोंड असेल, तर नाही. संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव त्याच टॉवरवर असतं, तेव्हा वेग पडतो. तुमच्या मीटिंग दिवसा आहेत, म्हणून तुमचं भागेल.

पण टॉवरला मागून जोडणारी केबल तुटली, तर गावातले सगळे मोबाइल आणि तुमचं एअरफायबर एकदमच बंद पडेल. म्हणून एक घरची जोडणी आणि एक वेगळ्या कंपनीचं सिमकार्ड, असे दोन मार्ग ठेवा. आणि बारा व्होल्टचा छोटा बॅटरी बॅकअप राउटरला लावा. गावात वीज गेली म्हणजे इंटरनेट गेलं असं लोक समजतात. बहुतेक वेळा केबलमध्ये प्रकाश चालू असतो, घरची पेटीच बंद असते.

केबल येणार असेल, तर जोडायला येणाऱ्या मुलाला एकच विनंती करा: पॉवर मीटर, म्हणजे प्रकाशाची ताकद मोजायचं यंत्र, लावून आकडा दाखव. उणे पंधरा ते उणे तेवीस दिसला, तर निश्चिंत राहा. उणे सव्वीस दिसला, तर आज चालेल आणि पहिल्या पावसात बंद पडेल. त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. आईंना माझा नमस्कार सांगा.

विजा चमकायला लागल्या की सासूबाई इंटरनेटची वायर उपटून ठेवायला सांगतात. दोनदा उपटली, दोनदा माणूस बोलवावा लागला. फायबरमधून वीज घरात येते का? आणि माकडांचं काय करायचं?
— गृहिणी, गुहागर तालुका

तुमच्या सासूबाईंची भीती जुन्या अनुभवातून आलेली आहे. तांब्याच्या तारेचा फोन होता, तेव्हा मी स्वतः जळलेले रिसीव्हर पाहिले आहेत. काच वीज वाहून नेत नाही. केसाइतक्या जाड काचेतून फक्त उजेड येतो. पण घरापर्यंत येणाऱ्या काही ड्रॉप केबलींत ताण सोसायला पोलादी तार असते. ती घराबाहेरच हुकाला बांधून कापलेली असावी, पेटीपर्यंत आणलेली नसावी. तुमच्याकडे कशी आहे ते बघा.

खरा धोका विजेच्या प्लगमधून आहे. गडगडायला लागलं की राउटरचा प्लग सॉकेटमधून काढा आणि पिवळी किंवा काळी बारीक फायबरची वायर आहे तशी राहू द्या. तिचं हिरवं टोक काढलं की त्यावर धूळ बसते, बोट लागतं, आणि तेवढ्याने निम्मा प्रकाश अडतो. तुमची दोनदा बंद पडली ती बहुधा यामुळेच. मुलांना एवढं बजावून ठेवा की त्या टोकात डोकावून बघायचं नाही. आत लेसरचा प्रकाश असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याचा.

एका घरात गेलो होतो, तिथे लांबलेली फायबर खिडकीच्या खिळ्याला सुंभासारखी गुंडाळून घट्ट गाठ मारली होती. काच तुटली नव्हती, पण वळणातून प्रकाश बाहेर सांडत होता. गाठ सोडली, वेटोळं ताटलीएवढं मोठं केलं आणि पेटीवरचा लाल दिवा विझला. लाल दिवा, ज्याच्याखाली एलओएस लिहिलेलं असतं, तो म्हणजे प्रकाश पोचत नाही. तो लागला की आधी घरातली वेटोळी बघा.

माकडं केबलवरून झोके घेतात आणि दातही लावतात. फणसाच्या, आंब्याच्या फांद्यांना केबल टेकू देऊ नका. खांबापासून घरापर्यंतची शेवटची झेप शक्य असेल तर गडग्याच्या कडेने, पीव्हीसी पाइपमधून जमिनीलगत आणा. खर्च थोडा वाढतो. माझ्या घरी तशीच आणली आहे.

नळपाणी योजनेच्या खोदाईत जेसीबीने फायबर तोडली. सतरा दिवस गाव बंद. ठेकेदार म्हणतो, केबल आहे हे मला माहीत नव्हतं. पंचायत काय करू शकते?
— महिला सरपंच, शाहूवाडी तालुका

सरपंचताई, सतरा दिवसांत रेशनचं यंत्र, दाखले, बँक मित्राचे पैसे हे सगळं अडलं असणार. हे वाचून वाईट वाटलं, कारण प्रत्यक्ष जोडणीचं काम तीन तासांचं आहे. बाकीचे दिवस कोण येणार, हे ठरण्यात जातात.

केबल साधारण एक मीटर पासष्ट सेंटिमीटर खोल टाकायची असते. खडक लागला की ठेकेदार कमी खोदतात आणि वर काँक्रीटही करत नाहीत. जांभ्यात मी दीड फुटावर सापडलेल्या केबल जोडल्या आहेत. म्हणून खोलीवर विश्वास ठेवू नका. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केलं. खोदणाऱ्याने आधी तिथे जागा नोंदवायची, म्हणजे त्या जागी ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना निरोप जातो. पंचायतीच्या हद्दीत कोणत्याही खोदाईला ना हरकत देताना या नोंदणीचा पुरावा मागा आणि तशी अट दाखल्यात लिहा. मग ‘माहीत नव्हतं’ हे कारण उरत नाही.

दुसरं, गावचा एक साधा नकाशा करून कार्यालयात लावा. शाळेपासून देवळापर्यंत केबल रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे, जॉइंट कुठे पुरला आहे, मोरी कुठे ओलांडली आहे. केबल टाकली तेव्हा खड्ड्यात उतरलेली माणसं गावातच आहेत. त्यांना एकदा चहाला बोलवा आणि लिहून घ्या. आमच्या वेळी असे नकाशे जुन्या लाइनमनच्या डोक्यात असत. तो निवृत्त झाला की केबल शोधायला चार खड्डे जास्त खणावे लागत.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला, तेव्हा मी निवृत्त होतो, तरी पाणी ओसरल्यावर जुन्या सहकाऱ्यांबरोबर गेलो. फायबरला पाण्याने काही होत नाही. तळमजल्यावर ठेवलेली यंत्रं आणि बॅटऱ्या मात्र चिखलात गेल्या होत्या. जॉइंटच्या पेट्या उघडल्या की आतून गाळ निघत होता. प्लास्टिकचा कागद डोक्यावर धरून, एकाने टॉर्च, एकाने छत्री, अशी आम्ही एकेक कोअर स्पिरिटने पुसून जोडली. दापोलीला दिलेल्या माझ्या बहिणीचा चिपळूणमधला मुलगा त्या दोन दिवसांत फोनवर लागत नव्हता. तो सुखरूप होता, पण ते दोन दिवस ती जेवली नाही. तेव्हापासून मी ज्याला त्याला सांगतो: यंत्र पहिल्या मजल्यावर ठेवा आणि एका बाजूने आलेल्या केबलवर गाव अवलंबून ठेवू नका. नव्या आराखड्यात पंचायती वर्तुळात जोडायच्या आहेत, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून चालू राहील. तुमच्या तालुक्यात काम सुरू झालं की विचारा, दुसरी बाजू कुठून येते? ती त्याच रस्त्याने, त्याच खड्ड्यातून येत असेल, तर एक जेसीबी दोन्ही तोडेल.

आमचा पाडा डोंगरावर. केबल येणं शक्य नाही असं सांगितलं. दुसरा काही मार्ग?
— आश्रमशाळेतील शिक्षक, पालघर जिल्हा

मार्ग तुमच्याच जिल्ह्यात करून पाहिला गेला आहे. तेव्हा मुंबईच्या आयआयटीत असलेल्या प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटाने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघरमधल्या गावांत दूरदर्शनच्या पट्ट्यातल्या रिकाम्या लहरींवर इंटरनेट नेलं. खामलोली हे त्यांतलं एक गाव. पुढे पाच गिगाहर्ट्झच्या लहरींनीही गावं जोडली. या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत बक्षीस मिळालं.

टीव्हीच्या लहरी झाडीतून बऱ्या जातात, पण त्या सर्वांच्या वापरासाठी खुल्या नाहीत. पाच गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ पासून परवान्याविना वापरता येतो. खाली केबल आलेल्या गावात एक डिश, तुमच्या शाळेच्या छपरावर दुसरी, मध्ये काही आड नको. इथेच लोक चुकतात. एप्रिलमध्ये साग निष्पर्ण असतो, तेव्हा डिश लावतात, उत्तम चालते. जुलैत पानं आली की बंद. म्हणून जागा पावसाळ्यात बघा, भरल्या झाडीत. तेव्हा समोरचं छप्पर दिसलं, तर बाराही महिने चालेल.

आयटीआय वायरमन आहे, वय २४. भारतनेटचा उद्यमी व्हायचं म्हणतो. किती घरं केली तर पोट भरेल?
— एक वाचक, पाटण तालुका

बाळा, हा प्रश्न वाचून मला सगळ्यात जास्त आनंद झाला. सरळ आकडे सांगतो. या योजनेत उद्यमी, म्हणजे गावात जोडण्या देणारा आणि सांभाळणारा स्थानिक माणूस, त्याला महिन्याच्या बिलातला निम्मा वाटा मिळतो. उदाहरणापुरता ३९९ रुपयांचा प्लॅन धर. साठ घरं म्हणजे २३,९४० रुपये, तुझ्या हाती ११,९७०. त्यातून यंत्राची वीज, बॅटरी, ड्रॉप केबल, पेट्रोल. पाटणच्या खोऱ्यात पेट्रोलच दोन हजारांचं जाईल. म्हणजे साठ घरांवर संसार चालत नाही. वायरमनचं काम सोडू नकोस. दीडशेच्या वर घरं गेली की विचार कर.

फायबरची काच जोडायचं यंत्र पहिल्याच दिवशी विकत घेऊ नकोस. तालुक्यात कोणाकडे असेल त्याच्याकडे सहा महिने हाताखाली राहा, जॉइंट मारायला शीक. काच नव्वद अंशांत कापली गेली पाहिजे, तो हात यायला वेळ लागतो. पॉवर मीटर मात्र स्वतःचा घे. महावितरणच्या खांबावर केबल चढवायची तर लेखी परवानगी घे. मी दोन मुलांना तिथे शॉक लागून पडताना पाहिलं आहे. त्यांतला एक वाचला नाही. एकट्याने खांबावर चढू नकोस, आणि पावसात तर अजिबात नाही. गिऱ्हाईक ओरडलं तरी नाही.

करारात दोन गोष्टी वाचून मगच सही कर. वाटा किती दिवसांत खात्यात येणार, आणि मुख्य केबल तुटली तर ती कोणी, किती तासांत जोडायची. दुसरं लिहिलेलं नसेल, तर गाव बंद पडल्यावर लोक कंपनीकडे जाणार नाहीत, तुझ्या दारात येतील. शिवाय दोन गावांत मिळून दोघं जण करा. एकाच्या घरी लग्न असेल, आजारपण असेल, तेव्हा दुसरा असावा. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या शेतकऱ्यांनी २०११ मध्ये सहकारी संस्था काढून स्वतःच्या शेतांतून स्वतः चर खणून फायबर नेली, जमिनीच्या वाटेचे पैसेही घेतले नाहीत. सहकार आपल्याला नवा नाही. दूध संस्था चालवणारी माणसं तुझ्या खोऱ्यात आहेत, त्यांच्याशी बोल.

मुलगा मस्कतला आहे. जोडणी चांगली आहे म्हणतात, पण मी पडवीत बसून बोलते तेव्हा त्याचा चेहरा अडकतो. माजघरात अडकत नाही. मला माजघरात अंधार वाटतो.
— आजी, देवरुखजवळची वाडी

आजी, दोष फायबरचा नाही, तुमच्या भिंतीचा आहे. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीतून वायफाय फार कमी जातं. पेटी कपाटावर असेल तर ती माजघर आणि पडवीच्या मधल्या दाराच्या वर, चौकटीजवळ फळीवर ठेवायला सांगा. दार उघडं ठेवून बोललात तरी फरक पडेल. तेवढ्याने नाही झालं, तर पेटीपासून पडवीपर्यंत एक साधी नेटवर्कची वायर टाकून तिथे छोटा दुसरा राउटर लावायचा. माझ्याकडे वीस मीटर वायर शिल्लक आहे. तुमचा पत्ता संपादकांकडून घेतला आहे. पुढच्या मंगळवारी देवरुखच्या बाजाराला येतो, तेव्हा दुपारनंतर घरी असा.